दुष्काळी गावात भूजल पुनर्भरणासाठी जागा कशी निवडावी

हा लेख ग्रामपंचायत सदस्य, पाणलोट समितीचे कार्यकर्ते, भूशास्त्राचे विद्यार्थी आणि आपल्या शिवारात भूजल पुनर्भरणाचे, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीखाली मुरवण्याचे काम पहिल्यांदाच हाती घेणारे शेतकरी यांच्यासाठी लिहिला आहे. माण-खटाव, आटपाडी, जत, अहिल्यानगरचा दक्षिण भाग, बीड, धाराशिव, जालना अशा अवर्षणप्रवण पट्ट्यांत पाऊस कमी पडतो, तो मोजक्या दिवसांत पडतो आणि जमिनीखाली बहुतेक ठिकाणी बेसाल्ट खडक असतो. महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भूभाग या खडकाने व्यापलेला आहे. त्यामुळे गुजरातच्या किंवा उत्तरेकडील गाळाच्या मैदानांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतील नियम इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मी या कामाला लागलो तेव्हा माहिती भरपूर मिळाली. पण ती कोणत्या क्रमाने वापरायची, हे सांगणारे काही हाती लागले नाही. तो क्रम इथे मांडतो आहे.

बैठकीत पहिला प्रश्न बहुधा "पाणी कुठे अडवता येईल?" असा येतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: अडवलेले पाणी खडकाच्या कोणत्या थरात शिरेल, त्या थरात त्याच्यासाठी रिकामी जागा आहे का, आणि तिथून ते कोणाच्या विहिरीत उतरेल? पुढील सर्व पायऱ्या या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आहेत. ज्या जागेबाबत तिन्ही उत्तरे मिळत नाहीत, ती जागा कितीही सोयीची वाटली तरी यादीत घेऊ नये.

सुरुवातीला जमवायची कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रे:
- भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा
- भूमी अभिलेख कार्यालयातून मिळणारा गट क्रमांकांसह गाव नकाशा
- इसरोच्या भुवन संकेतस्थळावरील भूरूप आणि भूजल संभाव्यता नकाशे
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील तुमच्या पाणलोटाचा नकाशा आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी
- महसूल मंडळाच्या पर्जन्यमानाच्या शक्यतो 20 वर्षांच्या नोंदी
- गावात आधी झालेल्या बंधारे, पाझर तलाव आणि चरांची यादी
- विचाराधीन गटांचे सातबारा उतारे

साधने: टोकाला वजन बांधलेली मोजपट्टी, अक्षांश-रेखांश दाखवणारा मोबाइल, पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजणारा खिशात मावणारा मीटर, हातोडा, पहार-फावडे, उंचीतला फरक मोजण्यासाठी पाण्याची नळी-लेव्हल किंवा दुर्बिणीची डंपी लेव्हल, आणि जाड पुठ्ठ्याची नोंदवही. संगणकावर काम करणारा कोणी सोबत असेल तर क्यूजीआयएस ही नकाशे हाताळणारी विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. केंद्राच्या अटल भूजल योजनेत समाविष्ट झालेल्या ग्रामपंचायतींनी पर्जन्यमापक आणि पाणीपातळी मोजण्याची साधने पंचायतीकडे आहेत का, हे आधी विचारून घ्यावे.

1. आधी पाणलोटाची सीमा आखा

गावाची हद्द महसुली असते. पाणी ती पाळत नाही. स्थलदर्शक नकाशावर तुमच्या मुख्य ओढ्याचे गावाबाहेर पडण्याचे ठिकाण शोधा आणि तिथून दोन्ही बाजूंच्या माथ्यांवरून रेघ ओढत पाणलोटाची सीमा पूर्ण करा. मग प्रवाहांची श्रेणी लिहा. ज्याला दुसरी ओघळ मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा प्रवाह, पहिल्या श्रेणीचे दोन प्रवाह मिळाले की दुसऱ्या श्रेणीचा, आणि दुसऱ्या श्रेणीचे दोन मिळाले की तिसऱ्या श्रेणीचा. हे वर्गीकरण पुढे रचना ठरवताना उपयोगी पडते.

भूजल यंत्रणेने राज्याची विभागणी सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत केली असून प्रत्येक पाणलोटात साधारण तीन पट्टे मानले आहेत: वरचा तीव्र उताराचा, जिथून पाणी वेगाने वाहून जाते, मधला पुनर्भरणाचा, आणि खालचा साठवणीचा. हा नकाशा जरूर घ्या, मात्र त्यावरील रेघ थेट जागेवर उतरवू नका. तो मोठ्या क्षेत्रासाठी काढलेला असतो आणि तुम्हाला निर्णय एका गटाच्या, कधी एका ओघळीच्या पातळीवर घ्यायचा असतो.

2. खडकाचे थर वाचायला शिका

या पायरीवर घाई केली की पुढचे सगळे चुकते, म्हणून इथे वेळ द्या. बेसाल्ट लाव्हाच्या प्रवाहांतून थरावर थर साचून तयार झाला असून हे थर बऱ्याच अंशी आडवे, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसलेले आहेत. प्रत्येक प्रवाहाचा वरचा भाग वायूंच्या पोकळ्यांमुळे सच्छिद्र असतो. त्यातील पोकळ्या अनेकदा पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या दिसतात आणि विहीर खोदणारे लोक या खडकाला मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग घट्ट काळा पाषाण असतो. त्यात भेगा असतील तरच पाणी हलते. दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा, गेरूसारखा थर सापडतो. तो चिकणमातीयुक्त असल्याने बहुधा पाणी खाली जाऊ देत नाही. सर्वांच्या वर, झिजून तयार झालेला मुरूम असतो आणि त्यावर माती.

पाणी मुरण्यासाठी उपयोगाचे थर म्हणजे मुरूम, झिजलेला मांजऱ्या आणि भेगाळलेला पाषाण. थर आडवे असल्यामुळे एका विहिरीत जो मांजऱ्या थर 10 मीटर खोलीवर दिसतो, तोच वरच्या अंगाला टेकडीच्या उतारावर उघडा पडलेला असू शकतो. अशी उघडी पट्टी सापडली, तर खालच्या विहिरींना पाणी देणारे प्रवेशद्वार तिथेच असण्याची शक्यता मोठी असते. ती शोधण्याची रीत सोपी आहे. विहिरीच्या काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची काढा, तीतून त्या थराची खोली वजा करा आणि उरलेल्या उंचीवर टेकडीच्या उताराने चालत जा. ओघळींच्या काठांवर, रस्त्याच्या कापावर आणि जुन्या खाणींत खडक उघडा दिसतो. तिथे थांबून हातोड्याने फोडून पाहा. मोबाइलवरची उंची काही मीटरने चुकू शकते आणि 1:50,000 च्या नकाशावर समोच्च (समान उंचीच्या) रेषांतील उंचीचे अंतर बहुधा 20 मीटरचे असते, त्यामुळे एखादा आख्खा थर दोन रेषांच्या मध्ये लपतो. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी डंपी लेव्हल लावून उंची पक्की करा.

धुळे, नंदुरबार या भागांत बेसाल्टला छेदून उभ्या भिंतींसारखे गेलेले खडक, म्हणजे डाईक, मोठ्या संख्येने आहेत. घट्ट डाईक भूजलाचा प्रवाह अडवतो, त्यामुळे त्याच्या वरच्या अंगाला पुनर्भरण केल्यास पाणी तिथेच थोपून राहते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा फारसा लाभ होत नाही. डाईक स्वतः भेगाळलेला असेल तर उलट तोच पाण्याचा मार्ग होतो. दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी मोजली की यातली कोणती स्थिती आहे ते समजते.

इथे एक सापळा आहे. उन्हाळ्यातही हिरवी राहणारी उंबर, करंज किंवा शिंदीची रांग पाहून अनेकजण तिथे पुनर्भरणाची जागा सुचवतात. अशी झाडे बहुधा भूजल पृष्ठभागाजवळ आल्याचे किंवा बाहेर झिरपत असल्याचे सांगतात. तिथे आणखी पाणी घातले तर ते लगेच ओढ्याला परत मिळेल. तुम्हाला जिथून पाणी आत शिरते ते ठिकाण हवे आहे, आणि ते बहुतेक वेळा या रांगेच्या वरच्या अंगाला, उघड्या मुरमाड माळावर असते.

3. विहिरींची नोंदवही तयार करा

गावातील विहिरी ही तुमच्याकडची सर्वांत विश्वासार्ह सामग्री आहे. कोणताही उपग्रह नकाशा तिची बरोबरी करू शकत नाही, कारण विहिरीत थर डोळ्यांना दिसतात आणि पाण्याची पातळी हाताने मोजता येते. पाणलोटातील शक्य तितक्या विहिरींची नोंद करा. निदान प्रत्येक ओढ्याच्या दोन्ही काठांच्या, आणि वरच्या, मधल्या व खालच्या भागांतल्या विहिरी सुटता कामा नयेत.

प्रत्येक विहिरीसाठी अक्षांश-रेखांश, काठाची उंची, एकूण खोली, बांधकाम किती खोलपर्यंत आहे, त्याखाली कोणता थर किती जाडीचा आहे, झरा कोणत्या थराला आणि कोणत्या दिशेला आहे, पाण्याची पातळी, टीडीएस, पंप कोणत्या महिन्यापर्यंत चालतो आणि विहिरीत आडवे किंवा उभे बोअर घेतले आहेत का, हे सर्व लिहा. वयस्क शेतकरी आणि विहीर खोदणारे कारागीर खोली परसात सांगतात. परसाचे माप गावोगाव थोडे बदलते, म्हणून ती मोजपट्टीने तपासून मीटरमध्ये नोंदवा. बांधीव विहिरीत वरचे थर दिसत नाहीत. अशा वेळी खोदकामाची आठवण असलेल्या व्यक्तीला विचारावे लागते आणि शेजारच्या उघड्या विहिरीशी पडताळावे लागते.

पातळी किमान दोनदा मोजा: मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. तुम्हीही तेच महिने धरलेत तर तुमची आकडेवारी तिच्या नोंदींशी जुळवता येईल. मोजण्यापूर्वी पंप बंद होऊन निदान रात्र उलटलेली असावी. पंप चालू असताना घेतलेली पातळी निरुपयोगी असते. ती चुकून नकाशावर चढली तर तिथे खोटा खड्डा दिसतो आणि सगळे लक्ष चुकीच्या जागेकडे वळते.

या नोंदींतून तीन प्रकारच्या विहिरी वेगळ्या काढा. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-चार दिवसांत पातळी वाढणाऱ्या विहिरींना जवळूनच पाणी मिळते आणि त्यांचा पृष्ठभागाशी थेट संबंध असतो. ज्यांची पातळी हळूहळू, सप्टेंबरपर्यंत वाढते, त्यांचे पुनर्भरण क्षेत्र दूर असते, कधी शेजारच्या गावातही. आणि ज्यांची पातळी पावसाळ्यातही फारशी हलत नाही, त्या एक तर घट्ट पाषाणात आहेत किंवा त्यांच्याभोवती उपसा फार आहे. पहिल्या प्रकारातील ज्या विहिरी लवकर भरतात, पण डिसेंबर-जानेवारीतच आटतात, त्यांच्या वरच्या अंगाकडे सर्वप्रथम पाहा. तिथे पाणी शिरण्याचा मार्ग आणि रिकामी जागा दोन्ही असल्याचा तो चांगला पुरावा आहे.

सर्व विहिरींच्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची नकाशावर मांडून समान उंचीचे बिंदू जोडले की भूजलाच्या वाहण्याची दिशा कळते. ती बहुतेक ठिकाणी जमिनीच्या उताराला धरून असते, पण नेहमीच नसते. प्रस्तावित जागेचे पाणी कोणाच्या विहिरींकडे जाणार, हे या नकाशावरून गावाला आधी दाखवले तर पुढचे वाद बरेच कमी होतात.

4. रिकाम्या जागेचा आणि पाण्याचा हिशेब करा

पावसाळ्यानंतर पातळी जमिनीखाली 3 मीटरच्या आत असेल, तर त्या भागात पुनर्भरणाची गरज नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या आराखड्यांतही हीच मर्यादा धरलेली आहे, कारण त्याहून वर पाणी आले तर जमीन पाणथळ होऊ लागते. उपलब्ध जागा काढण्याचे सूत्र असे: क्षेत्रफळ, गुणिले 3 मीटरच्या खालच्या असंपृक्त, म्हणजे पाण्याने न भरलेल्या, थराची जाडी, गुणिले त्या थराचे विशिष्ट उत्पन्न. विशिष्ट उत्पन्न म्हणजे खडकाच्या एकूण आकारमानापैकी जेवढे पाणी तो गुरुत्वाकर्षणाने सोडू शकतो तो भाग. झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टसाठी ते 1 ते 3 टक्के, म्हणजे सरासरी 2 टक्के धरतात; घट्ट, कमी भेगांच्या खडकासाठी 0.3 टक्के, आणि वाळूमिश्रित गाळासाठी 12 ते 20 टक्के.

समजा, 100 हेक्टर क्षेत्रात ऑक्टोबरची सरासरी पातळी 7 मीटर आहे. तिथे 4 मीटर जाडीचा थर रिकामा आहे. 10 लाख चौरस मीटर, गुणिले 4, गुणिले 0.02, म्हणजे 80,000 घनमीटर किंवा 80 टीसीएम (हजार घनमीटर) पाणी सामावेल. मात्र मुरूम आणि मांजऱ्या 6 मीटरवरच संपून खाली घट्ट पाषाण लागत असेल, तर जाडी 3 मीटर धरा आणि उत्तर 60 टीसीएम येईल. खडक न पाहता फक्त पातळी धरून केलेले हिशेब याच कारणाने फुगलेले असतात.

दुसरी बाजू वाहून जाणाऱ्या पाण्याची. 100 हेक्टरवर 500 मिमी पाऊस म्हणजे 500 टीसीएम. त्यातील 10 टक्के अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारे पाणी, मानला तर 50 टीसीएम. त्यातून आधीच्या बंधाऱ्यांत आणि शेततळ्यांत अडणारे पाणी वजा करा, आणि खालच्या गावांचा वाटा सोडा. पावसाची सरासरी वापरू नका. 20 वर्षांची आकडेवारी मोठ्याकडून लहानाकडे लावून साधारण पंधरावा-सोळावा आकडा घ्या; चारपैकी तीन वर्षे तेवढा किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो असे मानता येते. दुष्काळी पट्ट्यात अनेक ठिकाणी जागा आहे, पण तिच्यासाठी पाणी शिल्लक नाही, असे या हिशेबातून निष्पन्न होते. ते मान्य करून उपशाच्या नियोजनाकडे वळणे नव्या बंधाऱ्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरवली आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. तिथल्या चरांना आणि बंधाऱ्यांना यश आले त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

5. नकाशे एकावर एक ठेवून जागा चाळा

आता हाती असलेली माहिती एकत्र करा. खडक, भूरूप, उतार, माती, प्रवाहांची घनता, भ्रंशरेषा (खडकातील भेगांच्या सरळ रेघा), जमिनीचा वापर आणि पाणीपातळी यांचे थर क्यूजीआयएसमध्ये एकावर एक ठेवून प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे गुण देता येतात. संगणक जमणार नसेल तर गाव नकाशाच्या प्रतीवर पारदर्शक कागद ठेवून रंगीत पेन्सिलींनी हेच करता येते, आणि एका गावापुरते ते पुरेसे असते.

गुण देण्यात माणसाचा अंदाज असतो हे ध्यानात ठेवा. म्हणून तयार झालेला नकाशा तिसऱ्या पायरीतील विहिरींशी पडताळून पाहा. नकाशात उत्तम दिसणाऱ्या पट्ट्यातील विहिरींची पातळी पावसाळ्यात हलत नसेल तर गुण बदला. विहिरींची नोंद खोटी ठरवू नका. उपग्रह चित्रातील सरळ रेघ म्हणजे प्रत्येक वेळी भेग नसते. जुना गाडीरस्ता, शेताचा बांध किंवा पाइपलाइनचा चरही तसाच दिसतो. विनामूल्य मिळणारी उंचीची माहिती साधारण 30 मीटरच्या चौकटींची असते, त्यामुळे सपाट शिवारात ती लहान ओघळी दाखवतच नाही. या पायरीचा उपयोग शंभर जागांतून दहा निवडण्यापुरता आहे.

6. निवडलेल्या जागांची प्रत्यक्ष चाचणी घ्या

सर्वांत स्वस्त चाचणी तुमच्या शिवारातच उपलब्ध असते, ती म्हणजे जवळपासच्या जुन्या पाझर तलावाची किंवा बंधाऱ्याची. पाऊस थांबल्यावर त्यात मोजपट्टी रंगवलेला खांब रोवून रोज सकाळी त्याच वेळी पातळी लिहा. पातळी रोज 30 मिमीने उतरत असेल आणि त्या ऋतूत बाष्पीभवन 5 मिमी असेल, तर सुमारे 25 मिमी पाणी मुरते आहे. उतार फक्त बाष्पीभवनाइतकाच असेल तर तिथे पाणी साठते, मुरत नाही. मार्चपर्यंत भरलेला तलाव गावाला आनंद देतो. पण तो पाझर तलाव असेल तर आपले काम करत नाही, हे लोकांना समजावून सांगणे अवघड जाते आणि तरीही सांगावे लागते. जनावरांना पाणी आणि मासेमारी यांसाठी त्याचा उपयोग आहेच. फक्त त्याच्या शेजारी, त्याच थरावर, दुसरा पाझर तलाव घेऊ नये.

नव्या जागेवर मातीतून मुरूम लागेपर्यंत चाचणी खड्डे घ्या; ओघळीच्या तळाला एक आणि दोन्ही काठांना एकेक. खड्डा पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा, आणि सुरुवातीला दर दहा मिनिटांनी व पुढे तासाने पातळी नोंदवा. सलग नोंदींतील वेग स्थिर झाला की तोच खरा वेग. पहिल्या तासातील आकड्यावर विसंबू नका. मे महिन्यात काळ्या भारी जमिनीला पडलेल्या भेगा पाणी गटागट गिळतात, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि मुरणे जवळजवळ थांबते. चिकणमातीत स्थिर वेग तासाला 1 ते 5 मिमी, पोयट्यात 10 ते 20 मिमी आणि वाळूत 30 मिमीहून अधिक असतो. नेमके मोजायचे असेल तर कृषी महाविद्यालयांकडे दुहेरी कड्यांचे उपकरण असते, ते मिळवण्याचा प्रयत्न करा.

मोठा खर्च होणार असेल, तर विद्युत रोधकता सर्वेक्षण करून घ्या; त्यात जमिनीत वीज सोडून कोणता थर तिला किती अडवतो ते मोजतात. बेसाल्टच्या प्रदेशात झिजलेला, ओला थर कमी रोधकता दाखवतो आणि घट्ट पाषाण 70 ओम-मीटरच्या वर, अनेकदा पुष्कळच वर जातो. पण काळी माती आणि तांबडा थर यांचीही रोधकता कमी असते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून चिकणमाती आणि पाणीदार खडक यांची गल्लत होते. सर्वेक्षकाला तुमची विहिरींची नोंदवही दाखवा आणि पहिले मापन थर माहीत असलेल्या विहिरीशेजारी घ्यायला सांगा.

7. जागा ठरल्यावर तिला साजेशी रचना निवडा

पहिल्या श्रेणीच्या ओघळींवर आणि माळाच्या उतारावर सलग समतल चर व अनघड दगडी बांध पुरेसे असतात. त्यांचे मुख्य काम वेग कमी करणे आणि खालच्या रचनांमध्ये गाळ जाऊ न देणे हे आहे. हे वरचे काम टाळून थेट खाली तलाव बांधला तर तो काही पावसाळ्यांत गाळाने भरतो आणि त्याच्या तळावर बसलेला बारीक गाळ मुरण्याचा मार्ग बंद करतो.

नाला बांधासाठी केंद्रीय भूजल मंडळाच्या पुस्तिकेतील निकष सोयीचे आहेत: पाणलोट 40 ते 100 हेक्टर, नाल्याची रुंदी 5 ते 15 मीटर आणि खोली किमान 1 मीटर. पाझर तलाव दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या प्रवाहावर, झिजलेल्या व भेगाळलेल्या खडकावर घ्यावा. तो झिजलेला थर खालच्या अंगाला लाभक्षेत्रापर्यंत सलग पसरलेला असावा आणि तिथे पुरेशा विहिरी असाव्यात. त्यातील पाणी फेब्रुवारीपर्यंत मुरून जाईल असा आकार धरतात, कारण पुढे उन्हाळ्यात बाष्पीभवन झपाट्याने वाढते. सांडवा आणि भराव यांचा आराखडा अभियंत्याकडूनच करून घ्या. मातीचे धरण फुटले तर खालची शेते आणि घरे जातात.

वरती चिकणमातीचा जाड थर आणि खाली पाणी घेणारा खडक किंवा वाळू असेल, तर पुनर्भरण शाफ्ट (चिकणमाती भेदून त्या थरापर्यंत नेलेला उभा खड्डा) किंवा जुन्या विहिरीतून पुनर्भरण योग्य ठरते. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या पट्ट्यात, डोंगरालगत गोटे-वाळूचे थर उघडे आहेत, तिथे पाणी पृष्ठभागावरूनच मुरते. तापीकडे सरकताना मधे चिकणमातीचे थर येतात आणि शाफ्टची गरज भासते. विहिरीत पाणी सोडताना आधी गाळ बसण्याची टाकी आणि मग दगड, खडी, वाळूची गाळणी असलीच पाहिजे. नांगरलेल्या शेतातले गढूळ पाणी थेट विहिरीत सोडल्यास झरे बुजतात. प्लास्टिक अंथरलेले शेततळे पुनर्भरणाच्या यादीत धरू नये. त्यातून पाणी मुरत नाही, आणि ते बोअरने भरत असतील तर भूजल उलट कमी होते.

8. या जागा वगळा

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या भागांत, खाली आधीच खारे पाणी आहे. तिथे मुरवलेले गोडे पाणी त्यात मिसळण्याचा धोका असतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा साठा अधिक उपयोगी पडतो. इतरत्रही टीडीएस मीटरने खारी विहीर सापडली तर तिच्या वरच्या अंगाला काम घेण्यापूर्वी कारण शोधा. शौचखड्डे, कचरा डेपो, कारखान्याचे सांडपाणी, जनावरांचे मोठे गोठे आणि औषध फवारणीच्या बागा यांतून येणारे पाणी पुनर्भरणासाठी घेऊ नका, विशेषतः खाली पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तेव्हा. एकदा दूषित झालेले भूजल स्वच्छ होण्यास अनेक वर्षे लागतात.

नाला खोलीकरणाबाबत स्पष्ट बोलतो, कारण या कामाचा आग्रह जवळपास प्रत्येक गावात होतो. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद व खोल करून त्यांवर साखळी बंधारे बांधले. त्या तालुक्याच्या मोठ्या भागात तापीच्या गाळाचे जाड थर आहेत. तीच कृती सरसकट बेसाल्टमध्ये केली, तर मुरूम आणि मांजऱ्याचा थर कापला जातो. नाल्याचा तळ शेजारच्या विहिरींतील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली गेला, की भोवतालच्या खडकातील पाणीच नाल्यात उतरते आणि डिसेंबरमध्ये वाहून जाते. म्हणून गाळ काढा, मूळ तळापर्यंत जा, पण सच्छिद्र खडक फोडू नका. खोली ठरवण्यापूर्वी दोन्ही काठांच्या विहिरींची ऑक्टोबरची पातळी तपासा.

खोल बोअरची दाटी असलेल्या जागेचाही दोनदा विचार करा. केसिंग, म्हणजे आतला बंद पाइप, फक्त वरच्या काही मीटरपुरते असलेल्या बोअरमधून उथळ थरातील पाणी खोल भेगांत गळत राहते. तिथे पुनर्भरण केले तर विहिरीवाल्यांना लाभ न होता पाणी खोल जाते, आणि उपसा करण्याची ताकद असलेल्याकडेच ते पोहोचते.

9. जमीन आणि परवानग्या

गायरान किंवा मुरमाड पडीक जमीन मिळाल्यास उत्तम. खासगी गट बुडीत क्षेत्रात येणार असेल तर काम सुरू होण्यापूर्वी लेखी संमती घ्या. तोंडी होकार पहिल्या पावसानंतर टिकत नाही. वन जमिनीसाठी वन विभागाची परवानगी स्वतंत्रपणे लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी द्या. ग्रामसभेच्या ठरावात जागेचा गट क्रमांक, लाभ होणाऱ्या विहिरींची यादी, आणि देखभाल कोण करणार हे लिहून घ्या. तांत्रिक मान्यतेसाठी मृद व जलसंधारण विभागाकडे आणि जागेच्या भूशास्त्रीय अभिप्रायासाठी भूजल यंत्रणेच्या जिल्ह्यातील वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे जा. नोंदवही आणि नकाशा सोबत नेला तर संवाद पहिल्याच भेटीत कामाच्या मुद्द्यावर येतो.

10. पहिल्या दोन पावसाळ्यांच्या नोंदी ठेवा

रचना पूर्ण झाल्यावर तिच्या खालच्या अंगाच्या पाच-सहा विहिरी आणि तुलनेसाठी लाभक्षेत्राबाहेरच्या, पण त्याच खडकातील दोन विहिरी निवडा. पर्जन्यमान, तलावातील खांबावरची पातळी आणि या विहिरींची पातळी एकाच तक्त्यात, पावसाळ्यात दर आठवड्याला आणि नंतर दर पंधरवड्याला नोंदवा. लाभक्षेत्राबाहेरच्या विहिरीही तेवढ्याच वाढल्या असतील, तर ती वाढ चांगल्या पावसाची आहे, तुमच्या तलावाची नाही. तलाव झपाट्याने उतरतो पण कोणत्याच विहिरीची पातळी वाढत नाही, असे झाल्यास पाणी भरावाखालून ओढ्यात झिरपते आहे का, ते खालच्या बाजूला चालत जाऊन पाहा. पहिल्या वर्षी वेगाने मुरणारे पाणी दुसऱ्या वर्षी मंदावले तर कारण बहुधा तळावरचा गाळ असते. मे महिन्यात तळ कोरडा असताना वरचा बारीक थर खरवडून शेतात टाका, आणि खालचा मुरूम उघडा पडला की तिथेच थांबा.